स्कीचे थर सुटले आहेत. घरी चिकटवता येतील का?

सज्जनगडवासी (सातारा):
गुलमर्गला घेतलेली माझी जुन्या स्कीची (बर्फावर घसरत जाण्यासाठी बुटांखाली लावायच्या लांब पट्ट्यांची) जोडी पावसाळाभर माळ्यावर कापडी पिशवीत राहिली. आता काढून पाहिली, तर एका स्कीच्या मागच्या टोकाला तळाचा प्लास्टिकचा थर आणि पोलादी कड सुमारे 12 सेंटिमीटरपर्यंत सुटली आहे, कडेवर गंज चढला आहे आणि फटीत नख सहज जाते. हे काम करणारे साताऱ्यात मला कोणी सापडले नाही, आणि जोडी काश्मीरला पाठवायची तर येण्याजाण्याचा खर्चच तिच्या किमतीएवढा होईल. घरात फेविकॉल आहे आणि पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) हेही आहे. यांपैकी काय वापरावे, आणि अशा दुरुस्तीनंतर त्या स्कीवर उतारावर जाणे सुरक्षित असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिमवाट (वाई):
चिकटवण्याची घाई करू नका. आधी ती स्की वाळवा. स्कीच्या मधोमध लाकडाच्या पट्ट्या असतात, त्यांच्या वर आणि खाली काचतंतूंचे थर, सर्वांत खाली पॉलिथिलीनचा तळ आणि दोन्ही बाजूंना पोलादी कडा असतात, आणि हे सारे इपॉक्सीने एकजीव केलेले असते. एकदा फट पडली की पाणी लाकडापर्यंत पोहोचते, आणि पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढत असल्यामुळे बर्फावरचा प्रत्येक दिवस ती फट आतून आणखी उचकटत जातो. ओल आत ठेवून वरून चिकटवलेली स्की म्हणूनच पुन्हा त्याच जागी उघडते. फटीत बांबूच्या बारीक पाचरा सरकवा, मात्र जिथे थर घट्ट धरून आहेत तिथे जोर लावू नका, आणि स्की उभी टांगून आठ-दहा दिवस पंख्याच्या वाऱ्यावर राहू द्या. गरम हवेचा झोत लावू नका, कारण उष्णतेने शाबूत भागातले इपॉक्सीही सैल पडू शकते. त्यानंतर गंज काचकागदाने पूर्ण काढा आणि आतला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

वारणाकाठ (सांगली):
मी फर्निचरचे काम करतो. स्की मी कधी हाताळलेली नाही, परंतु 2019 च्या महापुरानंतर सांगलीत प्लायवूडचे फुगलेले, पापुद्रे सुटलेले दरवाजे पुष्कळ पाहिले आहेत, आणि हिमवाट यांनी वाळवण्याविषयी लिहिले आहे ते तिथेही तंतोतंत खरे ठरले. फेविकॉल येथे चालणार नाही. त्यातले पाणी लाकडात मुरून किंवा उडून गेले तरच तो घट्ट होतो, आणि प्लास्टिक व पोलाद यांच्यामध्ये त्या पाण्याला वाट मिळत नाही. पाच मिनिटांचे इपॉक्सी फटीच्या तळाशी पोहोचण्याआधीच आळते. सावकाश, सुमारे 24 तासांत घट्ट होणारे घ्या, पाकिटावर दिलेले प्रमाण काटेकोर पाळा आणि पातळ पत्तीने ते अगदी खोलवर सारा.

शिकंजा लावताना दोन्ही बाजूंना सपाट लाकडी ठोकळे ठेवा, आणि मध्ये दुधाची पिशवी कापून घाला म्हणजे ठोकळे चिकटणार नाहीत. कडेने इपॉक्सीची बारीक रेघ बाहेर आली की तिथेच थांबा. त्याहून आवळल्यास सगळे बाहेर पिळले जाऊन सांधा कोरडा राहतो.

हिमवाट (वाई):
दुधाच्या पिशवीवरून एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती पिशवी आणि स्कीचा तळ दोन्ही पॉलिथिलीनच, म्हणजे ज्या गुणामुळे पिशवी चिकटत नाही त्याच गुणामुळे तळही चिकटायला कठीण असतो. त्यामुळे कारखान्यात तळाच्या आतल्या बाजूवर आधी प्रक्रिया करून घेतात. सुटलेल्या थराची आतली बाजू पाहा: तिच्यावर जुन्या इपॉक्सीचा किंवा काचतंतूंचा खरखरीत थर शिल्लक असेल, तर हलके घासून जोड चांगला बसेल, गुळगुळीत प्लास्टिक उघडे पडले असेल, तर त्या जागेचा भरवसा धरू नये.

सज्जनगडवासी (सातारा):
बहुतेक भागावर काचतंतू दिसतात. टोकाजवळ सुमारे दोन सेंटिमीटर मात्र गुळगुळीत आहे. लाकूड थोडे काळवंडले आहे.

हिमवाट (वाई):
त्या लाकडात सुई टोचून पाहा. ती सहज रुतली, तर लाकूड कुजले आहे आणि दुरुस्तीचा उपयोग नाही. लाकूड कडक असेल, तर मागच्या टोकाची ही दुरुस्ती सौम्य उतारांसाठी पुरेशी ठरावी. हीच फट बूट बसतो त्या भागाखाली असती, तर मी ती स्की वापरू नका असेच सांगितले असते, कारण सर्वाधिक भार तिथे येतो आणि बूट धरून ठेवणाऱ्या पकडीचे स्क्रूही तिथेच बसवलेले असतात. उद्या तेथील स्क्रू सैल आहेत का, हेही तपासा, कारण स्क्रूच्या भोकांतूनही पाणी आत शिरते.

सज्जनगडवासी (सातारा):
सुई रुतत नाही आणि स्क्रूही घट्ट आहेत. स्की आजपासून पंख्याखाली टांगली आहे. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी आणून चिकटवीन, आणि शिकंजे काढल्यावर नाण्याने ठोकून आवाज कुठे पोकळ येतो का ते येथे कळवीन.