इंग्लिश स्पेशल घेतलेल्यांनो, वाचणं-लिहिणं खरंच बदललं का? कोल्हापूरकरांनी अनुभव सांगा

राजारामपुरी_गल्ली
धाकट्या बहिणीचं बी.ए. यंदा संपलं, इंग्लिश स्पेशल होतं, आता विद्यापीठात एम.ए.ला जायचं म्हणतेय. घरात मामा-काका सगळे एकच विचारायलेत, इंग्रजी घेऊन करणार काय, बँकेची परीक्षा दे की. नोकरीचं ते बोलतीलच, मला वेगळं विचारायचंय. चार सेमिस्टर कविता-कादंबऱ्या वाचून माणसाचं वाचणं-लिहिणं बदलतं का? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, ती स्वतः वाचणार आहे.

दाजीपूर_एसटी
मी राधानगरीच्या वरच्या अंगाचा. सगळं शिक्षण मराठी मीडियम, आमच्यात इंग्रजी म्हणजे पाठ करायचा विषय. एफ.वाय.ला पहाटेच्या एसटीनं यायचो आणि वाटेत गाईड वाचायचो, मूळ पुस्तक वाचायचं असतंय हेच ठाऊक नव्हतं. एस.वाय.ला एका सरांनी माझं ट्युटोरियल परत दिलं, मार्क नाहीत काही नाहीत, खाली मराठीत एवढंच, 'हे गाईडवाल्याचं झालं, तुला काय वाटलं?' लई लाज वाटली खरं राग नाही आला. मग त्यांनीच सांगितलं, वर्डस्वर्थची 'लिरिकल बॅलड्स' या कवितासंग्रहाची १८०० सालची प्रस्तावना काढ आणि दिवसाला एक पान वाच. डिक्शनरी मांडीवर घेऊन बसलो. त्यात तो म्हणतोय की कवितेची भाषा माणसं खरोखर बोलतात तसली पाहिजे, आणि त्यासाठी त्यानं खेड्यातली साधी माणसं निवडली. मी तिथंच थांबलो. माझी आजी रोपलावणीला जे बोलायची ते शब्द मी शहरात आल्यापासून तोंडातून काढत नव्हतो, हॉस्टेलवर पोरं हसतील म्हणून, आणि इथं २०० वर्षांपूर्वीचा इंग्रज कवी सांगतोय की हीच भाषा घे. पुढचं ट्युटोरियल मोडक्यातोडक्या इंग्रजीत आजीवरच लिहिलं. स्पेलिंगा चुकलेल्या, तरी सरांनी वर्गात वाचून दाखवलं. सेमिस्टरला मार्क काही वाढले नाहीत, खरं तिथनं पुढं गाईड उघडलं नाही.

मी_आलो
वर्डस्वर्थचं निघालंय म्हणून सांगतो. आधीच सांगतो, मी मुलगी आहे आणि आम्ही कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो. एम.ए.ला भाषांतराच्या पेपरला त्याची डॅफोडिल्सची कविता मराठीत करायला दिलेली आणि मी पहिल्याच ओळीत अडलो. इंग्रजीतला 'आय' भटकतो, त्यावरनं बाई का पुरुष काही कळत नाही, मराठीत मात्र क्रियापदापाशी आलं की ठरवावंच लागतंय. पुण्याच्या मैत्रिणीनं 'भटकत होते' केलं, मुलांनी 'होतो' केलं. मीपण 'होतो' लिहिलं तर मॅडमनी विचारलं, कवी पुरुष म्हणून का? म्हटलं नाही मॅडम, मी बोलतो तसं. तास संपला तरी त्याच्यावर बोलणं चाललेलं. शाळेत बाई मला 'मुलीसारखं बोल' म्हणून रागवायच्या, त्याच बोलण्यावर मी शेवटी प्रोजेक्ट केला. डॅफोडिल तसंच ठेवलं, नुसतं 'पिवळी फुलं' म्हटलं की ती कसलीही होतात, झेंडूसुद्धा.

सीएचबी_मॅडम
नेटबद्दल, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३ तास, सगळीकडे नुसता दिलेल्यातला पर्याय निवडायचा. पाच वर्षं उत्तरं लिहायला शिकले आणि शेवटी एक वाक्य लिहावं लागलं नाही. पास झाले, आता सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते, तरी मला हे पटत नाही. बहिणीला सांगा, तयारी पहिल्या वर्षापासून कर पण त्याची वही वेगळी ठेव, वाचायच्या वहीत ती घुसू देऊ नको.

सासनकाठी
अरुण कोलटकर कोल्हापूरचे, हे मला एम.ए.ला इंडियन इंग्लिशचा पेपर घेतल्यावर कळलं. तोवर वाटायचं इंग्रजीत कविता करणारे सगळे मुंबईतच जन्मतात. १९७६ ला त्यांचं 'जेजुरी' आलं. आमचं कुलदैवत खंडोबा, लहानपणापासून त्या पायऱ्या चढलेलो, म्हणून सेमिनार मी मागून घेतला. नोट्समध्ये श्रद्धा-अश्रद्धा एवढंच लिहिलेलं आणि मूळ वाचायला घेतलं तर आधी सगळं बघणंच, मोडकं दार, मागं लागणारी म्हातारी, पडक्या देवळात पिल्लं घेऊन बसलेली कुत्री. मग मी जोतिबाच्या चैत्र यात्रेवर इंग्रजीत लिहायला घेतलं. गुलालाला काय म्हणू, सासनकाठीला काय म्हणू, ओळीओळीला समजावत बसलो आणि कवितेची दोन पानं झाली. मॅडमनी समजावणं सगळं खोडलं आणि विचारलं, हे तू कुणाला सांगायलायस? त्या प्रश्नावर आठवडा गेला. तीनदा नव्यानं लिहिली, आता त्यात 'गुलाल' आणि 'चांगभलं' तसंच आहे.

जुना_विद्यार्थी
मी ८० च्या दशकातला एम.ए. हॅम्लेट शिकवताना आमच्या सरांनी पहिला तास आगरकरांवर घेतला. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक-आगरकरांना शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आणि तिथं आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणायला घेतलं. म्हणजे त्या नाटकाच्या मराठी होण्यात आपल्या गावाचा असा हात आहे. ते ऐकल्यावर हॅम्लेट मला परका वाटला नाही. एक जुनं दुखणंही सांगतो. कॉलेजच्या वार्षिक अंकात माझी इंग्रजी गोष्ट छापली, तिचा शेवट न विचारता बदलून. नायक गावाकडं परत जात नव्हता, छापताना त्याला परत पाठवला. ४० वर्षं होत आली, अजून लागतंय. मुलांचं लिखाण दुरुस्त करा, पण बदलण्याआधी एकदा विचारा.

राजारामपुरी_गल्ली
बहिणीनं सगळं वाचलं, जुन्या विद्यार्थ्यांचं तर दोनदा. विचारतेय, मूळ पुस्तकं वाचायची कुठं? सगळी विकत घेणं जमणार नाही.

दाजीपूर_एसटी
विद्यापीठाची खर्डेकर लायब्ररी आहे की. शेक्सपिअर, वर्डस्वर्थ तर कॉपीराइटमधनं कधीच सुटलेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. डिक्शनरी घेऊ नको म्हणावं, माझी तीच आहे अजून, पानं सुटलीत तेवढी बाइंड करून देतो.