अनुभव धागा : छातीच्या शेकात कातडी कशी जपायची?

आपल्याकडे किरणोपचाराला 'शेक' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शेकलं म्हणजे भाजलं, भाजलं म्हणजे हळद-तूप! स्तनाच्या कर्करोगाच्या बायांची रोज काळजी घेणाऱ्यांनी नेमकं लिहा.

किरणोपचार विभागातली सिस्टर
शेक बहुतेक १५ (३ आठवडे) किंवा २५ (५ आठवडे) असतात. पहिल्या आठवड्यात कातडीला काही होत नाही, म्हणून बाया निर्धास्त होतात. दुसऱ्या-तिसऱ्यात खाज, ताण, गरमपणा सुरू होतो. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, कातडी काळपट होते. त्यामुळे नुसतं पाहू नका, हाताची पाठ टेकवून बघा. स्तनाखालची घडी आणि काख आधी बिघडतात, कारण तिथं घाम साचतो आणि घासतं. सर्वात जास्त त्रास शेवटच्या शेकानंतर एक-दोन आठवड्यांनी होतो, नेमकं बाई गावी परतल्यावर. म्हणून "शेक संपला, मलम बंद" असं करू नका.

रोज कोमट पाणी, सौम्य साबण फेसून हातानंच लावायचा. घासणी, डाळीचं पीठ नको. नंतर जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं टिपायचं, पुसायचं नाही. घडीत ओल राहिली तर सगळं वाया.

मशीनवरचा टेक्निशियन
शेकाची जागा दाखवायला छातीवर काढलेल्या खुणा पुसट झाल्या तर घरी पेनानं गिरवू नका, आम्हाला सांगा. शेकाआधी मलमाचा जाड थर नको. या मशीनच्या किरणांचा पूर्ण डोस कातडीच्या थोडा खाली पडतो, जाड थरानं तो वर सरकतो आणि कातडीच जास्त सोसते. मलम शेक झाल्यावर आणि रात्री लावा. आणि टाल्कम पावडर नाहीच, घामात तिचे खडे होतात, घडीत रुततात.

आशाताई, यवतमाळकडची
हळद, कडुनिंबाचा पाला, बाम, बर्फ, गरम पिशवी, यातलं काही त्या जागेवर नको. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया थांबत नाहीत, हे खरं आहे. तरी वेचलेला कापूस टाकायची ओटी (झोळी) गळ्यात अडकवू नका, तिचा पट्टा नेमका काखेजवळ घासतो. चुलीची धग छातीवर येते, तिथं दुसऱ्या कुणाला बसवा. एप्रिल-मेत शेक असेल तर दुपटा छातीवरून घ्या, कूलरसमोर हात डोक्यावर ठेवून काख उघडी करा, दिवसातून तीन-चारदा, दहा मिनिटं. हात उचलला जात नसेल तर उशीवर टेकवा.

टेलर, महिला कपडे
जुन्या ब्लाउजची बाही काखेत उसवून मऊ सुती कापडाचा चौकोनी तुकडा लावा, दोन बोटं ढिला. शिवण बाहेरच्या बाजूला. आतून तारेची ब्रा तेवढे दिवस नकोच, सुती बनियन चालते.

सिस्टर (पुन्हा)
डॉक्टरांनी मोमेटासोनसारखं स्टिरॉइड मलम लिहिलं असेल तर बोटाच्या पेराएवढं दोन तळहातांच्या जागेला पुरतं. ते शाबूत कातडीवरच, सोललेल्या जागी नाही. पाणी सुटलं, कातडी निघाली तर चिकटपट्टी लावू नका, काढताना उरलेली कातडी सोबत येते. सलाइननं धुवून न चिकटणारं ड्रेसिंग ठेवा, वरून बनियन. पिवळा पू, वास किंवा थंडी-ताप आला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा. सोललं म्हणून घाबरून शेक चुकवू नका. थांबवायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील.