मेलेल्या उंदराच्या कानात केशरी भुकटी

प्रश्न: काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. काल बांधावर मेलेला उंदीर दिसला. शेपटीला धरून उचलला तर कानात केशरी भुकटी. नीट पाहिलं तर ती हलत होती! रात्रभर कमरेला खाज. आई म्हणते, प्लेग. खरंच का?

उत्तर १: काकूंना सांगा, प्लेग पिसवा पसरवतात. ही माइटची, म्हणजे कोळ्यासारख्या बारीक किड्याची, पिल्लं दिसतात. मोठे माइट मातीत राहतात, चावत नाहीत. पिल्लंच चावतात, तीही बहुधा एकदाच. म्हणजे खाज उंदराची नाही, तुम्ही गवतात बसला असाल तिथली. या चाव्यातूनच स्क्रब टायफस नावाचा ताप होतो. २०१८ मध्ये विदर्भात साथ होती, तेव्हा मलाही झाला. धुऱ्यावरचं गवत कापलं, दहाव्या दिवशी फणफणलो. पाच दिवस टायफॉइडच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी बायकोला काखेत चाव्याच्या जागी काळी खपली दिसली, सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, मग बघतो कोण? डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, दोन दिवसांत ताप उतरला. तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप आला तर गवताचं आणि उंदराचं डॉक्टरांना आधी सांगा.

उत्तर २: तरी उंदीर हाताने उचलू नका राव. अंग गार पडलं की पिसवा उतरून दुसरं ऊबदार अंग शोधतात. १९९४ मध्ये बीडमधल्या मामला गावात गाठीच्या प्लेगआधी उंदीर पटापट मरून पडत होते.

प्रश्नकर्ता: काखा, जांघा तपासल्या, खपली नाही. उंदीर फावड्याने पुरला. आईने मात्र माझे कपडे उकळत्या पाण्यात टाकले, नवी जीन्ससुद्धा.