वाटाण्याची पावडर आणि तालमीतला खुराक

लालमाती: काल एकानं इथं लिहिलं, 'थंडाई-भाकरीचा जमाना गेला. व्यायामानंतर अश्वगंधा, बीट आणि वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर घ्या, दोन तासांत ताकद परत.' वाचून डोकं फिरलं. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या कुस्ती मैदानासाठी आमची पोरं पहाटे चारला उठून जोर-बैठका काढतात. अंगातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, संपलं की पोटभर भात-भाकरी खाऊनही भरून यायला जवळजवळ दिवस जातो. दोन तास म्हणे!

टिळकवाडीकर: दोन तासांचं सोडा, ते खोटंच. पण वाटाण्यावर राग कशाला? मला दूध पचत नाही. तुमची थंडाई प्यालो की पोट ढोलासारखं फुगायचं, वस्ताद म्हणायचे सवय होईल. सहा महिन्यांत झाली नाही. स्नायू बांधणारा प्रोटीनचा घटक, ल्युसिन, वाटाण्यात कमी, म्हणून थोडी जास्त घेतो, बस्स.

खानापूरची_लेक: वाटाणा ठीक. अश्वगंधेचं बोला. माझा भाऊ तीन महिने घेत होता, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी आधी तोच डबा मागितला. लिव्हरला त्रास क्वचित होतो म्हणाले, पण होतो. डब्यावर 'हर्बल मिश्रण' एवढंच, कशाचं किती काही नाही. आणि मराठीत तर एक अक्षर नाही! आई काय वाचणार?

टिळकवाडीकर: भाषा इथं कुठून आली? लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की कायद्याला पुरतं.

खानापूरची_लेक: कायद्याला पुरतं, आईला नाही! आम्ही मराठी, पण राहतो कर्नाटकात: शेताचा उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. पंधरा टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत सरकारी कागद द्यायचा, हा नियम कागदावरच राहिला. दर वेळी शेजाऱ्याच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं. तुम्हाला कधी राहावं लागलंय?

टिळकवाडीकर: माझ्या वडिलांनाही राहावं लागलंय. मला शिकवू नका.

निपाणीचा_पैलवान: भांडा नंतर. स्नायूंना झटपट जोर देणारं क्रिएटिन मटण-माशातून मिळतं, झाडपाल्यातून नाही. शाकाहारी पोरांच्या स्नायूत ते कमीच असतं. तिथं बीट-अश्वगंधा काय करणार? कारखान्यात बनलेलं क्रिएटिन मात्र शाकाहाऱ्यालाही चालतं.

लालमाती: बरं. दूध न पचणाऱ्यानं वाटाणा घ्यावा, एवढं मानतो. पण कुंडीत बदाम घोटायला बसलेल्या पोराच्या हातात अश्वगंधेचा डबा दिसला, तर तो तालमीच्या उंबऱ्याबाहेर ठेवायला लावीन.