३०४ मधल्या डुकराबद्दल (सगळ्यांनी वाचावे, पर्सनलवर पाठवू नये)

सेक्रेटरी: नमस्कार. काल रात्री परत ३०४ मधून आवाज आले. आता लपवाछपवीत अर्थ नाही, तिथे डुक्कर आहे. हो, डुक्करच. मी स्वतः जाऊन बघून आलो. ज्यांना जे बोलायचंय ते इथेच बोला, मला सकाळपासून अकरा व्हॉइस नोट आल्यात.

५०१ काकू: अगंबाई!! मला तो बुलडॉग वाटलेला. लिफ्टमध्ये दोनदा भेटला, मी फरसाण पण घातलं

१०३: मुलुंडमध्ये डुक्कर 😂 येऊरच्या जंगलात असतात तेवढी बस की

५०१ काकू: हसू नका, देवाने पण घेतलाय तो अवतार

२०४ काका: मी तक्रारखोर माणूस नाही हे सगळे जाणतात. पण रोज पहाटे साडेपाचला डोक्यावर खुरांची टपटप सुरू होते, ती मी सहन करतो. ओरडणं मात्र सहन होत नाही, आणि ते रोज नसतं हे मुद्दाम सांगतो. कालनिर्णयवर लिहून ठेवलंय, ४ एप्रिल, २५ एप्रिल आणि काल १६ मे. दोन-तीन दिवस चालतं मग एकदम गप. ताई, त्या दिवसांत तुम्ही नक्की काय करता त्या जनावराला?

३०४: काका खरंच सॉरी, सगळ्यांनाच सॉरी, आधीच सांगायला हवं होतं. तिचं नाव चिंगी. आणली तेव्हा बुटाच्या खोक्यात झोपायची, विकणारा म्हणाला हे टीकप आहे, वाढून वाढून मांजरीएवढं होईल, आणि तिची आई पण दाखवली, ती खरंच छोटीशी होती. नंतर कळलं की ती आईच जेमतेम वर्षाची असणार, कारण डुकरीण सहा-सात महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि अंगाने मात्र चार-पाच वर्षं वाढत राहते, म्हणजे लहान आई दाखवून फसवायची ही जुनी युक्ती आणि आम्ही दोघं शिकलेसवरलेले त्यात अडकलो. परवा भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केलं, ३८ किलो. दीड वर्षाची आहे फक्त. अशी डुकरं पंधरा वर्षं सहज जगतात. ओरडते का ते मलाही कळत नाही हो काका, मारत वगैरे अजिबात नाही, शपथ.

१०३: ३८ किलो आणि वन बीएचके??

३०४: हो. फ्रिज उघडते म्हणून दाराला चाइल्ड लॉक लावलंय. सोफ्याचा कोपरा नाकाने उकरून उकरून काथ्या बाहेर काढला, मग एका टबात मोठे गोटे टाकले आणि मध्ये शेंगदाणे लपवते, तासभर तेच उकरत बसते. टाइल्सवर पाय घसरतात म्हणून घरभर सतरंज्या. पण घाण नाही हो, झोपते तिथे कधीच करत नाही, बाल्कनीत ट्रे ठेवलाय तिथेच जाते. कोणीही येऊन वास घेऊन बघा.

४०२: वासाचं राहू दे, स्वाइन फ्लूचं काय? घरात लहान मुलं आहेत आमच्या

सी ७०१ (व्हेटरिनरी): मी शिकतेय अजून, पण एवढं सांगू शकते. २००९ चा स्वाइन फ्लू माणसाकडून माणसाला पसरला, उलट आपल्याला सर्दी-ताप असेल तर आपणच तिच्यापासून लांब राहायचं, तिला आपल्याकडून लागू शकतो. दुसरा जो आफ्रिकन स्वाइन फीवर, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमध्ये आला तो, माणसाला होतच नाही, पण डुकराला झाला तर वाचणं कठीण. तो उष्ट्या-खरकट्यातल्या पोर्कमधूनही येतो म्हणून हॉटेलचं उरलेलं अजिबात घालू नका. आणि काकू, फरसाण बंद. मीठ जास्त आणि पाणी कमी झालं की डुकराच्या मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात.

५०१ काकू: अरे देवा. मूठभरच होतं गं. भोपळ्याची सालं चालतात का?

सी ७०१: पळतील 😄 आणि २०४ काका, तुमच्या कालनिर्णयला सलाम. ४ ते २५ एकवीस दिवस, २५ ते १६ परत एकवीस. ती माजावर येते!! ताई ऑपरेशन केलं नाहीये ना तिचं?

३०४: नाही. मी सात-आठ ठिकाणी फोन केले होते साध्या खूर कापण्यासाठी, सगळे म्हणाले आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. मला वाटायचं खाली डीजे लागतो त्याला घाबरते.

सी ७०१: परळला आमच्या कॉलेजमध्ये सरांना विचारते. उशीर नका करू, डुकराला भूल देणं तसंही नाजूक काम आणि चरबी वाढली की अजून अवघड. आणि या उकाड्यात जपा, डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, दुपारी बाथरूममध्ये उथळ टबात पाणी भरून ठेवा.

२०४ काका: म्हणजे मी दोन महिने त्या बिचारीचं पंचांग लिहीत होतो.

खजिनदार: एक मिनिट, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं सर्क्युलर आहे, सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही. विषय संपला.

सी २०२ (वकील): नाही संपला. ते कुत्र्यांबद्दल आहे, नीट वाचा. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३८४, मुंबईत डुक्कर पाळायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. कुत्र्याच्या लायसन्ससारखं हे सोपं धरू नका. ३०४, परवानगी आहे का?

३०४: नाही. कायदा माहीतच नव्हता. उद्याच टी वॉर्डला जाते. नाहीच मिळाली तर मुरबाडला मामांची वाडी आहे, तिकडे सोडावं लागेल, पण ती दीड वर्ष माझ्या पायाशी झोपलीये, तिथे एकटी गोठ्याच्या कडेला कशी राहील या विचाराने कालपासून जेवण जात नाहीये. नवरा म्हणतो सोफा गेला तेव्हाच विचार करायचा होतास.

१०३: आधी हसलो त्याबद्दल सॉरी. वॉर्ड ऑफिसला बाइकवर सोडतो हवं तर

सेक्रेटरी: ठीक. उगाच कोणी पोलिसात वगैरे जाऊ नका. अर्जाची पोच इथे टाका, मग स्पेशल मीटिंग घेऊ. ६ जून, संध्याकाळी सात, ३०४ मध्येच ठेवू म्हणजे सगळ्यांना प्रत्यक्ष बघता येईल.

२०४ काका: साहेब, १६ मे अधिक एकवीस करून बघा.

सेक्रेटरी: बरं बरं. ७ जून.

२०४ काका: दोन-तीन दिवस चालतं म्हटलं ना.

सेक्रेटरी: १० जून. फायनल. माझ्या घरी.