घर्षणाच्या गणितात आधी खोका हलतोय का ते बघा
भौतिकशास्त्राची गणितं सोडवताना "आधी आकृती काढा, मग सूत्र" असं सांगतात ते पटतंच, पण घर्षण आलं की आकृती बरोबर असूनही गाडी अडते, कारण पोरं डोळे झाकून म्यू (घर्षण गुणांक) गुणिले एन (पृष्ठभागाने वस्तूवर दिलेलं लंब बल) टाकतात. सपाट जमिनीवर ५ किलोचा खोका, म्यू ०.४, जी (गुरुत्वीय त्वरण) १० धरला तर एन ५० आणि गुणाकार येतो २० न्यूटन. आता ढकललं फक्त १० न्यूटनने आणि घर्षण २० लिहिलं तर खोका ढकलणाऱ्याच्याच अंगावर येईल की! २० ही कमाल मर्यादा, खोका हलत नाही तोवर घर्षण जेवढ्यास तेवढं, म्हणजे इथे १०च.

सरावाला मी हेच एक गणित बल ५, १५, २५ असं बदलत सोडवायला देतो, ढीगभर वेगळी उरकण्यापेक्षा बरं. २५ला मात्र खोका सरकतो, तिथे गतिज (सरकत्या वस्तूवरच्या) घर्षणाचा म्यू घ्यायचा, तो सहसा कमी असतो.