टायमर आणि इव्हेंट लूप: समकक्ष फंक्शनांविषयी

इव्हेंट लूप म्हणजे घटनांची वाट पाहून त्या हाताळत राहणारा प्रोग्रामचा फेरा. त्यासाठी लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या टायमरएफडी (मुदत संपल्याचे फाइल डिस्क्रिप्टरवर, म्हणजे उघड्या फाइल वा जोडणीच्या क्रमांकावर, कळवणारा टायमर) आणि ईपोल (अशा अनेक डिस्क्रिप्टरांची एकत्र वाट पाहणारी यंत्रणा) या जोडीला मॅकओएस व विंडोजवर समकक्ष काय, या मूळ प्रश्नावरील चर्चेत थोडी भर घालतो. मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर केक्यू ही घटना कळवणारी एकच यंत्रणा दोन्ही कामे करते, कारण तिच्यात टायमरसाठी स्वतंत्र फिल्टर (घटनेचा प्रकार) आहे आणि त्यासाठी वेगळा फाइल डिस्क्रिप्टर उघडावा लागत नाही.

विंडोजचे प्रकरण निराळे आहे. तेथील वेटेबल टायमर (ज्याची वाट पाहता येते असा टायमर) वेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्स या अनेक गोष्टींची एकत्र वाट पाहणाऱ्या फंक्शनला देता येतो, पण एका वेळी ६४ हँडलांची (अशा गोष्टींच्या ओळख-संदर्भांची) मर्यादा आड येते. शिवाय कंप्लीशन पोर्ट ही विंडोजची वाचन-लेखनाची वार्ता देणारी यंत्रणा 'आता वाचता येईल' असे न सांगता 'वाचून झाले' असे सांगते, त्यामुळे ईपोलच्या जागी ती नुसती बसवून भागत नाही, कोडची मांडणीच बदलावी लागते (आणि हे बहुधा उशिरा ध्यानात येते).

म्हणून माझ्या मते प्रत्येक प्रणालीचा टायमर शोधत बसण्यापेक्षा सर्व मुदती आपणच मिन-हीपमध्ये (सर्वांत लहान मूल्य नेहमी वर ठेवणाऱ्या रचनेत) ठेवाव्यात आणि सर्वांत जवळच्या मुदतीला उरलेला वेळ प्रतीक्षेच्या फंक्शनला टाइमआउट (वाट पाहण्याची कमाल वेळ) म्हणून द्यावा. लिबयूव्ही ही इव्हेंट लूपची लायब्ररी हेच करते. मुदत मोजण्यासाठी मोनोटॉनिक घड्याळ (कधीही मागे न जाणारे) वापरावे. मात्र लिनक्सवर यंत्र निद्रावस्थेत असताना ते पुढे सरकत नाही, तो काळ धरायचा असल्यास बूटटाइम घड्याळ घ्यावे.